हौदातली चिलापी

आमच्या घराण्यात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या नळाला मासे आले.

आम्ही उदगीरचे लिंगायत. पिढ्यान्‌पिढ्या भुसाराचं दुकान, कपाळाला विभूती, आणि स्वयंपाकघरात कांद्याच्या पलीकडं कुणाची मजल गेली नाही. मग नळाला मासे आले कसे? माझ्यामुळं. दुसऱ्या कुणावर ढकलावं तर घरात दुसरं कुणी नाहीच. बायको गेली, मुलगा शिवकुमार पुण्यात, दुकान भाड्यानं दिलेलं. दिवसभर टीव्हीतल्या माणसांना उत्तरं देत बसायचो. (ते ऐकत नाहीत. सवय होती मला.) हे सगळं भिंतीपलीकडून ऐकणारे शेजारी म्हणजे गफारभाई, रिटायर मास्तर. ते एक दिवस म्हणाले, "अप्पा, चला तळ्यावर. गळ टाकून बसलं की एकटं बसायला कारण तर मिळतं."

देवणीच्या अलीकडं एक साठवण तलाव आहे. मासेमारीचा ठेका सोसायटीचा, पण एका काठावर आम्हा चार-पाच हौशी म्हाताऱ्यांना गळ टाकायची परवानगी. अट मात्र कडक, आणि ती गफारभाईंनी पाढ्यासारखी आमच्याकडून पाठ करून घेतलेली. तळ्यातला मूळचा मासा, म्हणजे मरळ, वाम, शिंगटा, गळाला लागला तर वजन करायचं, फोटो काढायचा आणि अलगद आपल्या पाण्यात परत सोडायचा. चिलापी लागली तर मात्र परत सोडायची नाही. चिलापी बाहेरची. कुणी कधी आणून टाकली कोण जाणे, पण तिनं मरळीची अंडी-पिल्लं खाऊन तळ्यात आपलंच राज्य केलं होतं. मरळ वाढवायची तर चिलापी काढायची. बाकीचे ती घरी नेऊन कालवण करायचे.

आता माझी पंचाईत बघा. मी गांडूळ लावणार नाही, बेडूक लावणार नाही. मी लावणार ज्वारीच्या पिठाचा गोळा. मरळ त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, आणि चिलापी पंगतीला बसल्यासारखी येते. म्हणजे मंडळात सगळ्यात जास्त चिलापी धरणारा कोण, तर मासा न खाणारा मी! परत सोडायची नाही, मारायला हात उचलत नाही, खायचा प्रश्नच नाही. दुसऱ्याला द्यावी तर तो कापणार, म्हणजे पाप पुन्हा माझ्याच डोक्यावर. शेवटी पहिली चिलापी बादलीत घातली, वर टॉवेल झाकला आणि एस.टी.त शेजारच्या बाईला दूध आहे म्हणून सांगितलं. दुधानं वाटेत उडी मारली तेव्हा बाईनं जागा बदलली. घरी येऊन मी ती हौदात सोडली.

आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी जमिनीखाली खोलीएवढा हौद असतो. तिथून मोटारीनं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, ही रीत. मी मोटार बंद केली आणि बादलीनं शेंदायला लागलो. प्यायला जारचं पाणी आणायचो. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग दुसरी आणली, तिसरी आणली, पुढं मोजायचं सोडून दिलं. खरं सांगतो, मला त्यांचा लळा लागला. सकाळी झाकण उघडून भाकरीचा चुरा टाकला की सगळ्या वर यायच्या. माझ्या पावलांच्या आवाजाला उठून येणारं त्या घरात दुसरं कुणी राहिलं नव्हतं. मी त्यांना तुरीचा, सोयाबीनचा भाव सांगायचो आणि त्या ऐकून घ्यायच्या. शिवकुमारला फोनवर तेच सांगायला गेलं की तो मीटिंगमध्ये असायचा. चिलापीला मीटिंग नसते. तिला दुसरा उद्योग असतो, तो मला ठाऊक नव्हता. मादी अंडी तोंडात धरून हिंडते, पिल्लंही तोंडातच सांभाळते, आणि वरून बघणाऱ्या म्हाताऱ्याला काही पत्ता लागू देत नाही.

अशात फोन आला की शिवकुमार, सूनबाई आणि नात, तिघं पंधरा दिवस राहायला येणार. मागच्या दोन सुट्ट्या 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणण्यात गेल्या होत्या. मी गाद्या उन्हात टाकल्या, आंबे पिकत घातले, निलंग्याहून थोरल्या अक्काला बोलावून घेतलं. पंधरा दिवस घर भरलेलं राहावं, एवढंच माझं मागणं होतं. हौदाला झाकण घातलं आणि झाकणावर मोगऱ्याची कुंडी ठेवली.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकुमारनं मला बादली शेंदताना पाहिलं आणि त्याचं काळीज कळवळलं. या वयात बादल्या कशाला ओढता, म्हणाला. मी म्हणालो, मोटार बिघडली. इंजिनियर माणूस तो. त्यानं बटण दाबलं आणि मोटार दुरुस्त झाली.

थोड्या वेळानं अक्का पूजेसाठी नळाचं पाणी घेऊन आली. तांब्यात बघितलं, पुन्हा बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तांब्यात कोण तर हाय."

मी म्हणालो, तुझी सावली असंल.

"माझी सावली पोहत न्हाई रे."

तेवढ्यात न्हाणीघरातून किंकाळी आली. सूनबाईनं डोक्याला शांपू लावून शॉवर सोडला होता, आणि शॉवरमधून बारीक बारीक पिल्लं टपटपत होती. नात प्लास्टिकचा मग घेऊन दाराशी उभी, आनंदानं नुसती नाचत होती. शिवकुमारनं कुंडी सरकवून झाकण उघडलं. माणूस आला म्हणून सवयीनं सगळ्या चिलाप्या वर आल्या आणि तोंडं उघडून माझ्याकडं बघायला लागल्या. आता ओळख नाही असं कसं म्हणणार?

अक्कानं सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाली, "मारत न्हाईस, खात न्हाईस. नुस्तं टोचून घरी आणतूस व्हय?"

गफारभाईंना बोलावलं. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "तळं साफ करायला तुम्हाला नेलं अप्पा, आणि तुम्ही वसाहत बसवून राहिले!" मग त्यांनी मास्तरकी सुरू केली. हौदाचं पाणी नालीत सोडायचं नाही, नालीतून ओढ्याला जाईल आणि तिथं पुन्हा हेच. सगळं पाणी बादलीनं काढायचं, धोतरातून गाळायचं आणि मागच्या चिंचेला घालायचं. आम्ही दिवसभर गाळत होतो. धोतराचं एक टोक शिवकुमारकडं, दुसरं सूनबाईकडं, देखरेखीला अक्का, आणि नात पिल्लांना नावं देण्यात गुंग. मी चेहरा पाडून बसलो होतो, पण आतून लई खूष होतो. त्या घरात एवढी माणसं एका कामाला लागलेली मी किती दिवसांनी बघत होतो! गफारभाई मासे घेऊन गेले. कुठं ते मी विचारलं नाही, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हौद ठणठणीत कोरडा, आणि नळ यायला आठवडा. मी टँकर मागवतो म्हणालो. सूनबाईनं एकदा शॉवरकडं बघितलं आणि राहू द्या म्हणाली. अक्कानं निलंग्याची गाडी धरली. पंधरा दिवसांची सुट्टी तिसऱ्या दिवशी संपली.

डिकीत सामान भरताना शिवकुमार म्हणाला, "अप्पा, तुम्ही पण चला. एकटं राहून हे असलं करता." मी बघू म्हणालो. (पिशवी आधीच भरून ठेवली होती.) मला वाटलं, आता कायमचंच. मोगऱ्याची कुंडीसुद्धा गफारभाईंना देऊन टाकली.

पुण्यात त्यांनी काही कमी केलं नाही. सकाळी सगळे आपापल्या कामाला जायचे, नात शिबिराला. मी गॅलरीत बसायचो. लिफ्टमध्ये कुणाला आमच्या रीतीनं नमस्कार म्हणून शरणार्थ म्हटलं तर तो फोनमध्ये बघायचा. एका रविवारी शिवकुमारनं मला तपासणीला नेलं, तिथं वजन केलं. घरी आल्यावर सूनबाईनं नातीला माझ्याजवळ बसवून फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी शिवकुमारनं मला हाताला धरून उदगीरच्या गाडीत खिडकीशी बसवलं आणि म्हणाला, "अप्पा, तुम्हाला आपलं गावच मानवतं."

गाडी सुटली. तो हात हलवत उभा होता. हडपसर मागं पडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वजन झालं, फोटो झाला, आणि अलगद आपल्या पाण्यात परत. गफारभाईंचा नियम मी कधी धड पाळला नाही, पोरानं तंतोतंत पाळला.

चुकलं माझंच. चिलापी असतो, तर ठेवून घेतलं असतं.