उभ्या गाडीतली सहल

ड्रायव्हरकाकांनी भाडेकरारावर मोटार घेतली, तेव्हापासून त्यांचा जीव किलोमीटरच्या काट्यात अडकलेला. करारात ठरल्यापेक्षा गाडी जास्त पळाली तर दंड. त्यामुळे गिऱ्हाइकांसाठी ती दिवसभर पळायची आणि बायकोसाठी मात्र दारात उभी! पण काका हौशी. सुट्टीच्या संध्याकाळी काकूंना शेजारी बसवायचे, काचा खाली करायचे आणि इंजिन सुरू न करताच सहलीला निघायचे. पेट्रोल नको की टोल नको.

उद्या करार संपून गाडी परत जायची होती.

“कुठं न्यायचं बाईसाहेबांना?”

“समुद्रावर. आणि वळणं जपून घ्या, मागच्या खेपेला घाटात मला मळमळलं.”

काका हसले, पण आतून गलबलले. हिला एकदाही खरंखुरं फिरवलं नाही.

“जाऊ दे तो दंड. आज खरंच जाऊ,” म्हणत त्यांनी किल्लीला हात घातला.

काकूंनी मिटल्या डोळ्यांनीच तो हात धरला. वाऱ्यानं त्यांच्या बटा उडत होत्या.

“अहो, आता कुठं निघालात? आत्ताच तर पोचलो. पाणी पायाला लागतंय बघा.”

काकांनी किल्ली सोडली आणि चपला काढल्या.