कुंकवाखालची पत्रं

वत्सलाबाई मेलेल्या माणसांना रागावायच्या. घोडेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई नव्वदच्या दशकात जुन्नरच्या आमच्या लहानशा संग्रहालयासाठी जुनी मोडी पत्रं देवनागरीत उतरवून देत. मोडी लिहायची ती हात न उचलता. कुठला शब्द कुठं संपला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बाई भिंगातून बघत त्या पत्रलेखकाला म्हणायच्या, "लेकरा, जरा श्वास तरी घ्यायचा व्हता!" आम्ही हसलो की आमच्यावर डोळे वटारायच्या.

महाळुंगे पडवळच्या एका शेतकरी घरात मात्र त्यांनाही घाम फुटला. तिथलं पत्रांचं गाठोडं देव्हाऱ्यात असे. दर दसऱ्याला ते सोडून घरचे प्रत्येक कागदावर हळदकुंकू वाहत, वर पाणी शिंपडत. काय ती भक्ती! निम्मी अक्षरं लाल रंगाखाली गेली होती, आणखी काही दसऱ्यांत उरलेलीही जाणार होती. गाठोडं संग्रहालयाला द्या म्हटलं, तर घरच्या कोंडाबाई आजी ऐकेनात. पूर्वजांना घराबाहेर काढू का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी आपला ओल, कसर, जतन असलं काहीबाही सांगत बसलो. आजी ढिम्म.

बाईंनी मला गप्प केलं आणि एक पत्र मोठ्यानं वाचलं. घरातल्या कुणा पणजोबांनी भावाला लिहिलेलं: तुम्ही दिलेली म्हैस आटली, तक्रार नाही, पण कळवितो, उत्तर न आल्यास पुन्हा कळवितो. आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आमच्या मालकांचं बोलणं बी आसंच व्हतं," त्या म्हणाल्या. "बाई, समदं आसं लिवून द्याल? मग आमी त्याचीच पूजा करू."

बाई रोज सकाळच्या एसटीनं जाऊन तिथंच बसायच्या. कुंकवाखालचं वाचायला कागद खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूनं अक्षर लावायच्या. शेवटी त्यांच्या नकला देव्हाऱ्यात गेल्या आणि मूळ पत्रं आमच्याकडे आली.

बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ती पत्रं आमच्याकडे आल्यानंतरचा पहिला दसरा दिसतो. आम्ही दोघं महाळुंग्याला जेवायला गेलो होतो. आजी बाईंच्या त्या मोत्यासारख्या अक्षरावर हळदकुंकू वाहत होत्या. माझा जीव तुटला, मी त्यांना थांबवायला उठलो. बाईंनी हाताला धरून मला खाली बसवलं.

"जन्मभर फळ्यावर लिवलं, ते रोज पुसलं गेलं," त्या म्हणाल्या. "हे कुणी पुजतंय, तं पुजू दे की."

आणि पूजेच्या ताटातलं चिमूटभर कुंकू उचलून त्यांनीही वाहिलं.