शिंप्यानं देऊ केलेली बरोबरी

आमचा शिंपी म्हणजे हट्टाचं गाठोडं. लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बोलणं टाकलं, इथवर ठीक. पण बायको गेली तेव्हाही त्यानं लेकीला कळवलं नाही. आठ दिवसांनी तिला शेजारणीकडून समजलं. मी त्याला तोंडावर झापलं, तर तो मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसला.

पुढे पस्तावला. फोन करायचा, ती उचलायची नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या कडेनं जायची. अशी सहा वर्षं गेली.

बुद्धिबळाच्या स्पर्धेत मी पंच. शेवटच्या फेरीत नेमकी बापलेकीची जोडी लागली आणि हा खुळा खूश. नवा शर्ट शिवून घालून आला. म्हणाला, दोन-तीन तास तरी समोर बसेल, एखादा शब्द बोलेल.

त्यानं उंटापुढचं प्यादं दोन घरं सारलं. तिनंही तेच. त्याचा घोडा निघाला, तिचाही निघाला. खेळीमागून खेळी, आरशात बघावं तशी. शिंप्याचे डोळे भरून आले. लहानपणी दुकानात कापडाच्या ठाणावर बसून ती अशीच खेळायची, बाबा करेल ते करायचं. त्याला वाटलं, पोरीनं राग सोडला.

मला मात्र ही नक्कल कशासाठी ते कळलं. गुणतक्ता माझ्याकडेच होता. पहिल्या नंबरासाठी तिला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे नुसती बरोबरी. पण डाव चालू असताना पंचानं बोलायचं नसतं. नाही बोललो, झक मारली.

अठराव्या खेळीला नक्कल अंगाशी आली. तिचा हत्ती फुकट जात होता. त्याला दिसलं, मला दिसलं, तीही पांढरीफटक पडली. त्यानं हत्ती घेतला नाही. राजा एक घर सरकवला आणि हळूच विचारलं, "बरोबरी करू या, बाळा?"

"मान्य."

तिनं रीतीप्रमाणे हात पुढे केला. यानं तो धरूनच ठेवला. "घरी चल. आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही."

तिनं हात सोडवून घेतला आणि निकालाचा कागद पुढे सरकवला. "इथं सही करा, काका."

काका म्हणाली. सख्ख्या बापाला.

त्यानं सही केली. ती गेल्यावर मला विचारलं, "हत्ती घेतला असता, तर भांडायला तरी बोलली असती का रे?"

मी पटावरचा तिचा हत्ती उचलून डब्यात टाकला.