मंगोलियाचं पान

त्या साहेबाचा मला आजही राग येतो. त्याच्याहून जास्त माझा येतो, पण आधी त्याचं सांगते.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. नवऱ्याच्या व्हिसावर मी पुण्याहून इंग्लंडमध्ये लीड्सला आले होते, राज्यशास्त्रात एम.ए. करून. वर्षभर घरी बसून वैतागल्यावर एका छोट्या प्रकाशनात नोकरी लागली. कुठल्या देशात कोण पंतप्रधान, कुठलं खातं कुणाकडे, याचं जाडजूड पुस्तक ते दरवर्षी काढायचे. पहिल्याच दिवशी साहेबानं अख्खा आशिया माझ्या गळ्यात मारला. ‘तू तिकडचीच ना!’ म्हणे. अरे बाबा, पुणं कुठं आणि उलानबातर कुठं! पण सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं, म्हणून हसले.

मंगोलियाच्या पानासाठी त्यानं एक बाई गाठून ठेवली होती. ती आमच्याच ऑफिसची सफाई करायची. मूळची मंगोलियाची, उलानबातरला अर्थशास्त्र शिकलेली, आणि इथं सकाळी सातला आमच्या कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवत असायची. ते झालं की तासभर माझ्या टेबलाशी बसून तिकडच्या बातम्या वाचायची, भावाला फोन लावायची आणि मंत्र्यांची नावं तपासून द्यायची. तिला साहेबाकडून एकच गोष्ट हवी होती, रेफरन्सचं पत्र. एका हॉस्पिटलला मंगोलियन दुभाषी हवी होती, आणि हिचं भाषेचं काम भरवशाचं आहे असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ‘पुस्तक छापून झालं की देतो,’ असं साहेब तिला म्हणाला होता.

आणि नेमकं पुस्तक छापायला जायच्या वेळी तिकडचं सरकार पडलं! नवा पंतप्रधान आला, खात्यांची वाटणी सुरू झाली. मला तर गंमतच वाटत होती. कुणी अर्थखात्यासाठी अडून बसलाय, कुणी रुसून फोन उचलत नाही, कुणी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. अगदी आपल्याकडचीच कथा. शेवटी पंतप्रधानानं यादी जाहीर केली. बाईनं माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: ‘शेवटच्या तिघांवर मतदान बाकी आहे. छापू नका, थांबा.’ साहेब म्हणाला, पान आज दुपारी हवं.

आता माझी अक्कल बघा. आपल्याकडे मुख्यमंत्र्याची यादी राजभवनावर गेली की विषय संपला. शपथविधीच्या आधीच मतदारसंघात पेढे वाटून होतात. विधानसभा काही एकेका मंत्र्याचं नाव घेऊन मत देत बसत नाही. मंगोलियाची संसद देते. बाईनं मला हे दोनदा सांगितलं होतं. पण मी एम.ए. ना! म्हटलं, असेल काहीतरी नावापुरतं. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि तिन्ही नावं घालून पान पाठवून दिलं.

संसदेनं त्यातल्या एकाला पाडलं. पुस्तक छापून बाहेर, आणि त्यात नसलेला मंत्री! एका जुन्या गिऱ्हाइकाचं खरमरीत पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडला. ‘सफाईवालीवर विसंबलो, हीच माझी चूक. ते रेफरन्स वगैरे आता विसर.’ मला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. बाईनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच बसून चहा पीत होता.

घरी येऊन मी साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवरा ऐकत होता. मग म्हणाला, ‘अगं, पण पान तूच पाठवलंस ना?’

‘हो, मीच!’

‘मग सांगून टाक त्याला.’

‘आणि माझं प्रोबेशन? तुझ्या कंपनीत माणसं कमी करताहेत, ते विसरलास?’

साहेबाला मी काही सांगितलं नाही, एक दिवस नाही, बारा दिवस. तेराव्या दिवशी नोकरी पक्की झाल्याचं पत्र माझ्या हातात पडलं. त्यावर सही केली आणि तशीच ड्रॉवरमधली चिठ्ठी घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हा मला फाडून खाणार.

त्यानं चिठ्ठी वाचली. ‘अच्छा, असं झालं होय,’ म्हणाला. खुर्ची वळवली, चार मिनिटांत तिचं पत्र टाइप केलं, सही ठोकली आणि माझ्या हातात दिलं. वर मलाच म्हणतो, ‘एवढं काय मनाला लावून घेतेस!’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार मिनिटं! मेल्याला चार मिनिटांचं काम होतं, आणि एवढ्याशासाठी मी घाबरून बसले होते!

दुसऱ्या दिवशी सात वाजता ऑफिसला पोचले. बाईनं व्हॅक्यूम बंद केला, हात पुसले, पत्र उभ्यानंच वाचलं. हॉस्पिटलनं सोमवारीच दुसरी दुभाषी घेतली होती. तिनं ते अगदी सहज सांगितलं.

मी रडायलाच लागले. म्हटलं, ‘चूक माझी होती, मला माफ कर.’

‘मंत्र्याचं सोड. तशी चूक कुणाचीही होते,’ ती पत्राची घडी घालत म्हणाली. ‘पण तू बारा दिवस रोज सकाळी मला गुड मॉर्निंग म्हणत होतीस.’