सगळ्यात जास्त उघडलेलं पान

आमच्या नाशिकच्या कंपनीत शेतीचे पंप बनतात आणि त्यांची ऑनलाइन मदत मी लिहिते. मोठ्या साहेबांना ती एकाच जाडजूड पीडीएफमध्ये हवी होती, सुरुवातीला त्यांचं फोटोसकट मनोगत. मी हट्टाला पेटले. विहिरीच्या काठावर उभं राहून मोबाइलवर एवढी पानं कोण चाळणार? प्रत्येक बिघाडाचं वेगळं वेबपेज आणि वर सर्चची चौकट, एवढंच मागत होते. मनोगतालाही स्वतंत्र पान द्यायचं, या अटीवर साहेब तयार झाले.

महिन्याभरात सगळ्यात जास्त उघडलेलं पान निघालं मनोगत! साहेबांनी पेढे वाटले. मला मात्र पटेना, म्हणून लोक चौकटीत काय लिहितात ते काढून पाहिलं. आपली माणसं थेट कामाचं बोलतील तर शपथ. ‘राम राम साहेब, मोटर लय गरम होते.’ ‘नमस्कार साहेब, इगतपुरीहून बोलतोय, पाणी चढत नाय.’ आता सगळ्या मदतीत राम राम आणि नमस्कार होता फक्त मनोगतात. सर्च प्रत्येकाला इमानदारीत साहेबांपुढे नेऊन उभं करत होतं.

मी नमस्कार-चमत्कार वगळून शोधायची सोय करून घेतली. लोकांना हवं ते सापडू लागलं, तक्रारींचे फोनही थंडावले.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पार उतरलेला.

“तुमचं ते सर्च बिघडलंय बहुतेक,” ते म्हणाले. “मला कुणी शोधतच नाही.”