दोन्ही कागद शेजारी ठेवा

सुभेदार आयुष्यात एक दिवसही फौजेत नव्हते. दोह्यातल्या आमच्या बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये ते पाइप आणि व्हॉल्व्ह सांभाळत. मी तिथेच हिशेब बघतो. पण कुणी "ऐकलंत का, ते लोक म्हणे..." अशी सुरुवात केली, की ते हातातलं काम ठेवून ताठ उभे राहत आणि विचारत, "विमान कुणाचं?" त्या उभं राहण्यावरून त्यांना सुभेदार हे नाव पडलं.

विमान त्यांच्या वडिलांच्या वेळचं. रत्नागिरीहून फौजेत गेलेले वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर नाईक होते. शत्रूचं विमान कधी कधी बॉम्बऐवजी पत्रकं टाकून जाई. हिंदुस्थानी खंदकात पडणाऱ्या पत्रकावर लिहिलेलं असे, 'गोरा मागे सुखात बसलाय आणि तुम्हाला पुढे मरायला पाठवतोय.' शेजारच्या गोऱ्यांच्या खंदकात पडे त्यावर, 'तुम्ही पुढे मरताय आणि हिंदुस्थानी मागे तुमचं रेशन खातायत.' एकदा वाऱ्याने गोऱ्यांची पत्रकं यांच्याकडे उडवली. कारकुनाने दोन्ही वाचून दाखवली. "बाबा सांगायचे, आधी कुणाला पटेना. मग जे हसायला लागले! त्याच कागदांवर चहा उकळला."

मला अर्धवट हिशेब चालत नाही. मी म्हटलं, "पण सुभेदार, आपल्या पत्रकातलं निम्मं तरी खरंच होतं. गोऱ्याने कुठे बरोबरीने वागवलं?"

"निम्मं काय, पाऊण खरं होतं! म्हणून तर चालायचा कागद. पण बाबा म्हणत, गोऱ्याशी भांडण आहेच आमचं. ते आम्ही आमच्या तोंडाने भांडू. तुझ्या कागदावरून नाही."

दर शुक्रवारी दुपारचं जेवण अल अझीझियाला आमच्या घरी असे. वरणभात आमचा, तळलेली सुरमई सुभेदारांची. नमाजाहून रत्नागिरीकर येईपर्यंत नाशिक-पुण्याचं कुणी ताटाला हात लावत नसे. हा नियम कुणी केला नव्हता, मोडलाही नव्हता.

मागच्या वर्षी कंपनीचं काम आटलं आणि माणसं कमी करायचं ठरलं. आम्ही सर्वांनी मिळून साहेबांकडे जायचं ठरवलं. म्हणणं एकच: कुणाला काढू नका, सगळ्यांचे तास कमी करा. रविवारी जायचं होतं. शुक्रवारी सकाळी नाशिकच्या शिरोड्यांचा फोन आला. "मी येत नाही. साहेबांकडे नाही आणि जेवायलाही नाही. मोबाइलवर काय आलंय ते वाचा जरा." दुपारी सुभेदारांचा भाचा इक्बाल आला, पण तोंड फिरवून बसला.

सुभेदारांनी ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली उचलली. मदिनत खलीफाला जाऊन शिरोड्यांना ते बनियनवरच घेऊन आले. "शर्ट गाडीत घाला, यल्ला!" असं म्हणाले होते म्हणे.

"दोघांनीही फोन काढा. शेजारी ठेवा."

शिरोड्यांच्या फोनवर होतं, 'मुसलमान आतून साहेबांना भेटलेत, यादीत फक्त हिंदूंची नावं आहेत.' इक्बालच्या फोनवर हिंदू भेटले होते आणि यादीत मुसलमान होते. बाकी शब्द न् शब्द तोच.

"निदान थोडे कष्ट तरी घ्यायचे मेल्याने!" सुभेदार म्हणाले.

"पण मामू, पाठवलं कुणी असेल?"

"ते शोधत एकमेकांची तोंडं बघत बसलास, की झालं त्याचं काम. वाढा हो, मासे गार होतायत."

शिरोडे शर्टाचं बटण लावत म्हणाले, "मला वरण आधी."

रविवारी आम्ही एकत्र गेलो. साहेबांनी तास कमी करायचं मान्य केलं, कुणाला काढलं नाही. फक्त साठी ओलांडलेल्याचा करार पुढे वाढणार नाही, एवढं सांगितलं. आमच्यात साठीपलीकडचे एकटे सुभेदार होते. हे होणार याचा त्यांना आधीच अंदाज होता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पत्याकावर जन्मतारीख छापलेली असते, भाऊ. मी काय वाचत नाही होय?" कतारमधल्या त्या ओळखपत्राला आम्ही सगळे पत्याकाच म्हणतो.

बाहेर आल्यावर इक्बाल घुश्शात म्हणाला, "शेवटी आपलाच माणूस गेला ना?"

शिरोड्यांनी मान खाली घातली. सुभेदार मात्र ताठ झाले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"साठ झाली म्हणून गेला! शिरोडे साठचे होतील तेव्हा तेही जातील. आता हा कागद तू स्वतःच लिहितोस? विमानाचं पेट्रोलसुद्धा वाचवलंस की त्यांचं!"

ते आता रत्नागिरीला असतात. माझ्या फोनवर तसले संदेश अजून येतात, पूर्वीपेक्षा जास्तच. मी ते पुढे पाठवत नाही आणि पुसतही नाही. ज्यांच्याविरुद्ध तो संदेश असेल, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरी जातो आणि त्यालाच वाचून दाखवतो. आतापर्यंत दोन ठिकाणी भांडण झालं, एका ठिकाणी चहा मिळाला. आकडे माझ्या बाजूने नाहीत. तरी जाणार.