कोड्यात न मावलेली झाडीपट्टी

परवा बाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि मी दुपारभर टाळत होते...

मी अर्जुनी मोरगावला घरी बसून एका परदेशी अ‍ॅपसाठी इंग्रजी शब्दकोडी तयार करते. यावेळी विषय होता अमेरिकन संगीतकार आणि त्यांची बक्षीस मिळालेली संगीत नाटकं. त्यातलं एकही नाटक मी पाहिलेलं नाही, पण संगीतकारांची नावं तोंडपाठ आहेत.

माझे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे, चाली बांधायचे. धान निघाले की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, आणि रात्रभर नाटक... आता त्यांचे हात थरथरतात.

मागे एकदा ते शेजारी येऊन बसले. काय करतेय ते मी समजावून सांगितलं, तर म्हणाले, "आमच्या बी नाटकाईत गानेच गाने रायत. मंग आमचं नाव कायले नाही येत?"

मग मी कोड्यात एक ओळ घातलीच... 'पूर्व महाराष्ट्रातली रात्रभर चालणारी संगीत रंगभूमी.' उत्तर, झाडीपट्टी. इंग्रजी अक्षरं चौकटीत अगदी फिट बसली. बाबांनी चहाच्या टपरीपासून बस स्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

परवा संपादकांचा मेल आला. 'हे फारच लोकल आहे, कुणाला येणार नाही. आणखी एक अमेरिकन संगीतकार टाका.'

लोकल! आणि ते अमेरिकन काय आमच्या बाजारात भाजी घ्यायला येतात? असं लिहावंसं वाटलं... लिहिलं नाही. काम हवं होतं. मुकाट्याने संगीतकार टाकला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्या जागी कोनाले टाकलं?"

मी नाव सांगितलं.

"त्याची चाल आयकव बरं."

मी मोबाइलवर लावली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. खाटेच्या काठावर बोटं चालत होती, ताल न चुकता.

"चांगला हाये वो मानूस," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "त्याईले आमची कोनी आयकवली का?"



कोडं अ‍ॅपवर आलंय. लोक सोडवतायत. 'कुणाला येणार नाही' म्हणतात, त्यातल्या 'कुणाला'मध्ये आपण कधीच नसतो, एवढं मात्र मला कळलं.